आयनिक की सहसंयुज : एलईडीच्या डब्याच्या नोंदी, २३ जून ते २५ ऑगस्ट २०२५

२३ जून २०२५

गेल्या वर्षीचे दहावीचे सराव पेपर काल पुन्हा चाळले. 'साखर आयनिक की सहसंयुज?' या प्रश्नाला ४२ पैकी १९ जणांनी 'आयनिक' लिहिलं होतं आणि कारण दिलं होतं, 'कारण ती पाण्यात विरघळते.' (आयनिक म्हणजे विद्युतभारित कणांचं, म्हणजे आयनांचं बनलेलं; सहसंयुज म्हणजे अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेऊन बनलेलं.) ही चूक पोरांची नाही. मी फळ्यावर लिहिलेलंच त्यांनी परत केलं. आयनिक संयुगं पाण्यात विरघळतात, त्यांचा द्रवणांक जास्त असतो, द्रावणातून वीज वाहते, ही तीन वाक्यं मी अकरा वर्षं फळ्यावर लिहीत आलेय. हातात पदार्थ देऊन एकदाही तपासलं नाही.

या वर्षी तपासायचं. तासगाव तालुक्यातलं गाव, हायस्कूलला प्रयोगशाळा म्हणून एक खोली आहे. सहा गट बसतील असे सहा डबे बनवायचे. प्रत्येक डब्यात वीज वाहते का ते दाखवणारं साधं यंत्र आणि घरात किंवा शेतात मिळणारे पदार्थ. जे करीन ते इथे तारखेवार लिहिते, म्हणजे दुसऱ्या शाळेतल्या कुणाला हेच करायचं असेल तर माझे वाया गेलेले दिवस त्यांचे तरी वाचतील.

२६ जून

पहिला प्रयत्न. टॉर्चचा छोटा बल्ब, दोन मोठे सेल, दोन तारा, ग्लासात मिठाचं पाणी. बल्ब लागला नाही. मीठ दुप्पट केलं, चौपट केलं, तरी नाही. तारा एकमेकींना टेकवल्या की झक्क लागतो, पाण्यात घातल्या की बंद.

कारण संध्याकाळी लक्षात आलं. टॉर्चच्या बल्बला सुमारे ०.३ अँपिअर प्रवाह लागतो. दोन सेलांवर मिठाच्या पाण्यातून त्याच्या जवळपासही प्रवाह जात नाही. पुस्तकातल्या आकृतीत बल्ब काढलेला असतो म्हणून मी बल्बच घेतला. एक सांगून ठेवते: बल्ब लागत नाही म्हणून घरच्या २३० व्होल्टच्या लाइनवर जाऊ नका. असं करणारे मी पाहिले आहेत. ओले हात, मीठ आणि मुलं एका टेबलावर असताना हा धोका पत्करायचा नाही.

१ जुलै

लाल एलईडी आणल्या, प्रत्येकी २ रुपये. एलईडीला चारपाच मिलिअँपिअर पुरतात. तेच दोन सेल लावले, म्हणजे ३ व्होल्ट. पुन्हा अंधार!

यावर पूर्ण संध्याकाळ गेली. एलईडी उलटी लावून पाहिली, दुसरी लावली, तारा घासल्या. शेवटी गणिताच्या सरांनी विचारलं, "एलईडी किती व्होल्ट खाते, आणि पाणी किती खातं?" लाल एलईडीला साधारण १.८ ते २ व्होल्ट लागतात. मिठाच्या पाण्याचं अपघटन, म्हणजे विजेने त्याचे घटक सुटे होणं, सुरू व्हायलाच २ व्होल्टच्या थोडं वर लागतं. बेरीज चारच्या पुढे, आणि माझ्याकडे तीन.

नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी (३० रुपये) लावली आणि एलईडी जळू नये म्हणून मध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर (१ रुपया) घातला. लागली. एलईडीची लांब तंगडी बॅटरीच्या अधिक बाजूला, हे डब्याच्या झाकणावर आत्ताच लिहून ठेवलं.

४ जुलै

तांब्याच्या तारा टाकून दिल्या. मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं ठेवल्या तर पाणी आधी पिवळट-नारिंगी गढूळ झालं, मग हिरवट. अधिक बाजूची तार झिजून बारीक झाली. म्हणजे ती तार स्वतःच पाण्यात आयन सोडत होती. ज्या पाण्यात आयन आहेत का हे शोधायचं, त्यात आपणच आयन घालायचे, हे चालणार नाही.

पेन्सिलीच्या शिशाने काम होतं, पण नेहमीच्या एचबी पेन्सिलीत चिकणमाती जास्त असल्याने ते जरा अडतं. शिवाय शिसं सारखं मोडतं. सहा गटांना रोज नवी पेन्सिल परवडायची नाही.

८ जुलै

आषाढीच्या सुट्टीत जुने सेल जमवले. टॉर्चचे मोठे, जस्ताच्या डब्यातले साधे सेल. त्यात मधोमध कार्बनची कांडी असते. आमच्या लहानपणी पोरं ती काढून भिंतीवर रेघा ओढत. अल्कलाइन किंवा मोबाइलची बॅटरी कधीही फोडू नका, फक्त हे साधे सेल. हातमोजे घालून अंगणात वर्तमानपत्रावर काम केलं. आतली काळी पूड फरशीवर सांडली तर डाग जात नाही, हे आमच्या ओट्यावर कायमचं लिहिलं गेलं आहे.

बारा कांड्या मिळाल्या. पहिल्या दोन लावल्या तर एलईडी मंद. हाताला कांडी मेणचट लागत होती. सँडपेपरने घासून गरम पाण्यात उकळल्यावर नीट चालल्या. कांड्यांमधलं अंतर सारखं राहावं म्हणून औषधाच्या बाटलीचं रबरी बूच घेतलं आणि त्यात २ सेंटिमीटर अंतरावर दोन भोकं पाडली. एका डब्याच्या कांड्यांना सव्वा तास लागला, सहा डब्यांना तीन दिवस.

११ जुलै

आज जे झालं ते बहुतेकांचं होणार आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मिठाचं पाणी: एलईडी लागली. साखरेचं पाणी: एलईडी लागली.

मला वाटलं कांड्या नीट धुतल्या नसतील. धुतल्या. पुन्हा लागली. चमचा बदलला, साखर बदलली, ग्लास बदलला. लागतेच. नववीतली एक मुलगी शेजारी उभी होती. ती म्हणाली, "बाई, साखर न घालता बघू या का?" नुसत्या पाण्यात कांड्या बुडवल्या. एलईडी लागली!

आमच्याकडे बोअरचं पाणी येतं. भांड्यांवर पांढरे डाग पडतात, डाळ शिजायला वेळ लागतो, इतकं जड. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार त्यात आधीपासूनच विरघळलेले. म्हणजे दोन तास मी साखर तपासतच नव्हते, बोअर तपासत होते. ग्रामपंचायतीच्या आरओचं पाणी आणलं तर एलईडी मंद, पण लागलीच. पिण्याच्या आरओ पाण्यात थोडे क्षार राहतात.

१४ जुलै

पाऊस चांगला लागलाय, तर पावसाचं पाणी का नाही? गच्चीच्या पाइपाखाली बादली लावली. एलईडी लागली. पाणी स्लॅबवरून वाहत आलं होतं, सिमेंटमधला चुना घेऊन. दुसऱ्या दिवशी मैदानाच्या मध्यावर खुर्ची, तिच्यावर स्टीलची परात. पहिला अर्धा तास पडलेलं पाणी फेकलं, नंतरचं ठेवलं. एलईडी लागली नाही. पावसाचं पाणी चालतं, पण ते आकाशातून थेट भांड्यात पडलेलं हवं. एका सरीत जेमतेम दीड ग्लास मिळालं. सहा गटांना पुरणार नाही.

१६ जुलै

गॅरेजमधून बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणलं, ५ लिटरचा कॅन १०० रुपयांना. दुकानात 'बॅटरीचं पाणी' एवढंच म्हणू नका. 'डिस्टिल्ड वॉटर' असंच म्हणा आणि लेबल वाचा. बॅटरीचं ॲसिडही तिथेच, तसल्याच कॅनमध्ये असतं.

लाल एलईडी: अंधार. साखर घातली: अंधार. चिमूटभर मीठ टाकलं: लख्ख. साडेतीन आठवड्यांनी एक बरोबर उत्तर मिळालं. मी खुर्चीत बसून नुसती बघत राहिले.

एका डब्यात मात्र नुसत्या डिस्टिल्ड पाण्यातही एलईडी मिणमिणत होती. त्यात लाल संपल्या म्हणून जास्त उजेडाची पांढरी बसवली होती. ती अगदी नगण्य प्रवाहावरही दिसते. काढून साधी लाल बसवली. कॅन उघडा ठेवला तर पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतं आणि हळूहळू बिघडतं, म्हणून अर्ध्या लिटरच्या बाटल्यांत भरून झाकणं घट्ट लावली.

१८ जुलै

वर्गात पहिल्यांदा. गोंधळ. सहापैकी चार गटांत साखर 'आयनिक' निघाली. पाणी चांगलं, यंत्र चांगलं, पण पोरांनी मीठ आधी तपासलं आणि त्याच कांड्या, त्याच चमच्याने साखर. एका गटात तर चमचा धुतलेला होता, पण मुलाने साखर बोटांनी घातली होती आणि त्याच बोटांनी मघाशी मीठ.

बदललं ते असं. प्रत्येक पदार्थाला स्वतंत्र आइस्क्रीमचा लाकडी चमचा. धुवायला दोन ग्लास: पहिल्यात कांड्या खळबळायच्या, दुसऱ्यात बुडवून एलईडी विझलेली दिसली तरच पुढचा पदार्थ. आणि एकावेळी पाच सेकंदच बुडवायचं. जास्त वेळ ठेवलं तर मिठाच्या पाण्यातून क्लोरीनचा वास येतो, खिडक्या उघड्या असल्या तरी.

२२ जुलै

आज नीट झालं. विझलेली राहिली: साखर, ग्लुकोज, युरिया. लागली: मीठ, खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा, तुरटी, मोरचूद, चुन्याची निवळी. तक्ता फळ्यावर सुंदर दिसत होता. दहा मिनिटं.

मग एका मुलाने जेवणाच्या डब्यातून गूळ काढला. त्याच्या घरी गुऱ्हाळ आहे. गुळाच्या पाण्यात एलईडी लागली. वर्ग दोन मिनिटं नुसता ओरडत होता. "बाई, साखर सहसंयुज आणि गूळ आयनिक?" उत्तर सोपं होतं, पण ते सांगायला मला थांबावं लागलं. गूळ हे एक संयुग नाहीच. त्यात साखर आहे आणि उसातून आलेले पोटॅशियमसारखे क्षारही आहेत. साखर कारखान्यात ते काढून टाकतात. 'आधी विचारा, हा एक पदार्थ आहे की मिश्रण' हे वाक्य त्या दिवशी तक्त्याच्या वर गेलं.

दुसरा धक्का लिंबूसत्वाचा. सायट्रिक आम्ल, सहसंयुज. एलईडी लागली, आणि मंद नव्हे. माझ्या मनात होतं की सौम्य आम्ल आहे म्हणून मंद लागेल, पोरांना फरक दिसेल. मल्टिमीटर (२५० रुपये) जोडून पाहिलं: मिठाला ४.७ मिलिअँपिअर, लिंबूसत्वाला ३.९. डोळ्यांना हा फरक कळत नाही. १ किलोओहमचा रेझिस्टरच इतका अडवतो की द्रावणाचा अडथळा थोडा कमी-जास्त झाला तरी उजेडात काही दिसत नाही. व्हिनेगरचंही तेच.

तेव्हा मी पोरांसमोर कबूल केलं की 'एलईडी लागली म्हणजे आयनिक' हे माझं वाक्य चूक आहे. एलईडी फक्त एवढं सांगते की या घटकेला या पाण्यात आयन आहेत. ते आयन स्फटिकात आधीपासून होते की पाण्यात पडल्यावर रेणूतून तयार झाले, हे ती सांगत नाही. लिंबूसत्वाच्या रेणूने पाण्याला हायड्रोजन आयन दिला म्हणून दिवा लागला. हायड्रोजन क्लोराइड तर साधा वायू, सहसंयुज, पण पाण्यात गेला की मिठापेक्षाही चांगली वीज वाहून नेतो.

तक्त्यात नवा रकाना आला: खाण्याच्या सोड्याबरोबर फसफसतं का? फसफसलं तर द्रावण आम्लधर्मी, आणि तिथे नुसत्या एलईडीचं मत ग्राह्य धरायचं नाही.

२५ जुलै

आजचा दिवस माझा नाही, एका मुलीच्या आजोबांचा. त्यांची द्राक्षबाग आहे आणि ठिबकमधून खत सोडताना ते पाण्याचा ईसी, म्हणजे त्यातून वीज किती सहज वाहते ते, मोजतात. आमच्याकडे बागायतदाराच्या खिशात ईसीचा पेन असतोच. मुलीने तो आणला. घरून निरोपही आणला: "युरियाला ईसी येत नाही, हे बाईंना दाखव."

डिस्टिल्ड पाण्यात लिटरला १ ग्रॅम या प्रमाणात घातलं. पोटॅश, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड: १.७. मीठ: १.९. अमोनियम सल्फेट: १.९. युरिया: ०.०. साखर: ०.०. युरिया दुप्पट केला, चौपट केला, तरी पेन हलला नाही. पाणी मात्र हाताला गार लागलं, म्हणजे विरघळला नक्की.

ज्यांनी शाळेत बंध शिकले नाहीत असे आजोबा वीस वर्षं हा फरक वापरत आहेत. टाकीत युरिया टाकला तर पेन गप्प राहतो, म्हणून त्याचा हिशोब वजनावर ठेवावा लागतो, पेनवर नाही. पाठात आयनिक-सहसंयुज कशासाठी शिकायचं असं पोरं दरवर्षी विचारतात. या वर्षी कुणी विचारलं नाही.

घरच्या पाण्याचा टीडीएस पेनही असाच. तो विरघळलेलं सगळं मोजत नाही, फक्त वीज वाहतं तेवढंच मोजून त्यावरून अंदाज देतो. डिस्टिल्ड पाण्यात दोन चमचे साखर घातली तरी तो शून्यच दाखवतो. पोरांनी हे घरी जाऊन सगळ्यांना दाखवलं.

३० जुलै

पाण्यात आम्लं फसवतात, तर पाणीच नको. पदार्थ कोरडा वितळवून पाहायचा. वितळल्यावर वीज वाहिली तर आयन स्फटिकातच होते. यापेक्षा खात्रीचा पुरावा माझ्या आवाक्यात दुसरा नाही. गरम करण्याचं सगळं काम मी एकटी करणार, चष्मा लावून, व्हरांड्यात. पोरं दोन मीटर लांब.

साखर: वितळली, तांबूस झाली, एलईडी विझलेली. मेण: विझलेली. डांबरगोळी ८० अंशांना वितळते, पण तिचा धूर चांगला नाही, म्हणून केली नाही.

मीठ: परीक्षानळीत घातलं, घरून आणलेल्या गॅसच्या शेगडीवर धरलं. मोहरीसारखं तडतडलं, दोन दाणे बाहेर उडाले. बारा मिनिटं. मीठ होतं तसं, आणि नळीचा तळ मऊ होऊन एका बाजूला वाकला. मिठाचा द्रवणांक ८०१ अंश सेल्सिअस, साधी काच त्याच्या आधीच मऊ पडते. फळ्यावर '८०१' हा आकडा किती वेळा लिहिला असेल, पण तो काचेपेक्षा मोठा आहे हे आज कळलं. वाकलेली नळी डब्यात ठेवली आहे. द्रवणांक जास्त म्हणजे किती, हे तिच्याकडे बघून पोरांना लगेच कळतं.

२ ऑगस्ट

तुरटी! चिनी मातीच्या बशीत, स्पिरिटच्या दिव्यावर, पाच मिनिटांत वितळली आणि एलईडी लागली. थंड केली, घट्ट झाली, एलईडी विझली. मला हवं होतं तेच. त्याच दुपारी दुसऱ्या तुकडीलाही दाखवलं, शेजारच्या शाळेतल्या मॅडमना फोन करून सांगितलं.

५ ऑगस्ट

परवाचं सगळं मागे घ्यावं लागलं.

घरी सासूबाई तुरटीची लाही करत होत्या, तोंड आलं की लावायला. तव्यावर तुरटी वितळते, खदखदते, मग फुगून हलकी पांढरी लाही होते. मी हे लहानपणापासून पाहतेय. खदखदते म्हणजे त्यातून काय जातं? पाणी. तुरटीच्या स्फटिकात पाणी बांधलेलं असतं, आणि ९२ अंशांना तुरटी वितळते ती त्या स्वतःच्याच पाण्यात विरघळते. म्हणजे मी पोरांना पुन्हा एक द्रावणच दाखवलं होतं, वितळलेला पदार्थ नाही.

वजन केलं. १०.० ग्रॅम तुरटीची लाही ५.८ ग्रॅम. सूत्रावरून पाण्याचा वाटा ४५.६ टक्के येतो, माझं थोडं पाणी आत राहिलं असणार. म्हणजे बशीत जवळपास निम्मं पाणी होतं आणि मी त्याला 'कोरडं' म्हटलं.

दोन्ही वर्गांत जाऊन सांगितलं. एका मुलाने वहीत उलटाच निष्कर्ष काढला होता: तुरटी लवकर वितळते, म्हणून सहसंयुज. द्रवणांकाचा नियम त्याने बरोबर लावला होता, पदार्थाने त्याला फसवलं. मॅडमनाही परत फोन केला.

११ ऑगस्ट

सांगलीच्या दुकानातून सोडियम ॲसिटेट आणलं, ५०० ग्रॅम, २६० रुपये. स्फटिकरूप, म्हणजे यातही पाणी बांधलेलं. मुद्दाम हेच घेतलं, कारण तुरटीने जो घोळ घातला तो याच्यात उघडा करून दाखवता येतो.

पहिली चूक: स्टीलच्या वाटीत घेतलं. कोरड्या स्फटिकांतच एलईडी लागली. दोन्ही कांड्या वाटीच्या तळाला टेकल्या होत्या आणि वीज स्टीलमधून जात होती. चिनी मातीची मूस घेतली, ९० रुपये.

मग हे असं झालं. कोरडे स्फटिक: विझलेली. साठ अंशांच्या आतबाहेर वितळले: लागली. हा स्वतःच्या पाण्यातला खेळ, तुरटीसारखाच. आंच चालू ठेवली. पाणी उडू लागलं, शिंतोडे उडतात म्हणून बशी झाकण म्हणून अर्धवट ठेवली. वीसेक मिनिटांनी मूसमध्ये पांढरा कोरडा थर, आणि एलईडी विझली. एक मुलगा पुटपुटला, "संपलं पाणी." आंच मोठी केली. मध्ये बराच वेळ काहीच नाही. मग कडेने पांढरा थर पारदर्शक व्हायला लागला, कांड्या सैल झाल्या आणि एलईडी पुन्हा लागली. आता मूसमध्ये पाणी नव्हतं. ३२४ अंशांच्या पुढे फक्त सोडियम आणि ॲसिटेटचे आयन होते, आणि तेच सरकत होते.

दिवा बाजूला केला. दीड मिनिटात कडेपासून पांढरं झालं, एलईडी मंद, मग विझली. आयन तिथेच, पण जागचे हलू शकत नाहीत. पुन्हा आंच दिली, पुन्हा लागली. पोरांनी मला हे पाच वेळा करायला लावलं.

सावध राहा: वितळल्यावर आंच लगेच कमी करा. तिसऱ्यांदा मी बोलण्यात राहिले तर धूर आला, करपट वास आला आणि थर तपकिरी झाला. जास्त तापलं तर ते फुटून पेट घेणारी वाफ सुटते. कांड्या आत गोठल्या तर ओढू नका, मोडतात. माझ्या दोन गेल्या. मूस थंड झाल्यावर पाण्यात ठेवली की सुटतात.

१९ ऑगस्ट

'धातू आणि अधातू म्हणजे आयनिक, दोन्ही अधातू म्हणजे सहसंयुज' हा पोरांचा आवडता मार्ग. बहुतेक वेळा चालतोही. नवसागराने आज तो बंद केला.

नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड: नायट्रोजन, हायड्रोजन, क्लोरीन, सगळे अधातू. कल्हईवाला तापलेल्या भांड्यात जी पूड टाकतो आणि भपकन पांढरा धूर येतो, ती हीच. गावात आता कल्हईवाला येत नाही, पण दोन पोरांनी आजीकडे पाहिलेलं होतं. पाण्यात टाकला: एलईडी लख्ख, सोड्याबरोबर फसफस नाही. अमोनियम हा धन आयन आहे, त्याला धातू असावं लागत नाही.

पण वितळवून खात्री करावी म्हटलं तर तो वितळतच नाही, सरळ धूर होऊन जातो, शेजारच्या बशीतल्या कापरासारखा. दोन बशा, दोन्ही रिकाम्या. एका गटाने लिहिलं, 'दोन्ही संप्लवनशील, दोन्ही सहसंयुज.' कापूर रेणूरूपात उडतो. नवसागर तापल्यावर अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असा फुटतो आणि वर थंड जागी परत जुळतो. बशीवर उलटा धरलेल्या फनेलला दोन्हींचा पांढराच थर बसला. तो खरवडून पाण्यात टाकून एलईडी लावली: एक लागली, एक नाही. हा उपाय आठवीच्या एका मुलीचा, माझा नाही.

रांगोळीही आजच. पाण्यात विरघळत नाही, एलईडी विझलेली, तापवून काही होत नाही. सगळ्यांनी 'सहसंयुज' लिहिलं. तिच्यावर लिंबूसत्वाचं पाणी टाकलं तर फसफसली, म्हणजे आमच्याकडची रांगोळी कार्बोनेटची, आयनिक. नदीची वाळू तशीच न विरघळणारी, तशीच न वितळणारी, आणि ती खरोखर सहसंयुज. या दोघींना एलईडीने वेगळं करता येत नाही. तिथे माझ्या डब्याची हद्द संपते, हेही झाकणावर लिहिलं.

२५ ऑगस्ट

गणपतीच्या सुट्टीआधीची शेवटची परीक्षा. आठ पुड्या, नावं नाहीत: मीठ, पिठीसाखर, लिंबूसत्व, युरिया कुटून, तुरटी कुटून, रांगोळी, नवसागर, आणि मेणाचा कीस. वेळ दोन तास. तापवण्याचं माझ्याकडून मागून घ्यायचं, कारण सांगून.

मीठ, साखर, युरिया, मेण सहाही गटांचे बरोबर. लिंबूसत्व पाच गटांचं बरोबर, सहाव्याने सोड्याची पायरी गाळली. तुरटी तापवून मागितली एकाच गटाने, आणि लाही झाल्यावर वजन करू का असं विचारलं. रांगोळी तीन गटांनी 'ठरवता येत नाही' लिहिली. मी त्याला पूर्ण गुण दिले. नवसागर चार गटांचा चुकला, तोच, धुराचा. त्यावर सुट्टीनंतर परत एक तास घ्यायचा आहे.

खर्चाचा हिशोब, सहा डब्यांचा: बॅटऱ्या १८०, एलईडी आणि रेझिस्टर ४०, क्रोकोडाइल क्लिपा १२०, डिस्टिल्ड वॉटर दोन कॅन २००, मल्टिमीटर २५०, सोडियम ॲसिटेट २६०, मूस दोन १८०, स्पिरिट आणि किरकोळ १५०. एकूण १३८० रुपये. कांड्या फुकट. टॉर्चचे बल्ब आणि तांब्याची तार यांचे ११० वाया गेले, ते यात धरले नाहीत.

शेजारच्या शाळेतल्या मॅडम सुट्टीनंतर दोन डबे नेणार आहेत. त्यांच्याकडे नदीचं नळपाणी आहे, त्यांना वाटतंय बॅटरीचं पाणी लागणार नाही. मी दोन भरलेल्या बाटल्या डब्यात ठेवल्या आहेत, वर चिठ्ठी चिकटवून: आधी नुसतं पाणी तपासा.